बाटलीतला ढेकूण

"आता हे लाडू काय ढेकणांना खाऊ घालू?" तपतीने नारळाच्या लाडवांचं ताट नवऱ्यासमोर आदळलं.

निर्माल्य मान खाली घालून बसला. देवीचं विसर्जन झालं की चंदननगरातली त्यांची अख्खी गल्ली विजयादशमीच्या भेटीला घरोघर जाते, तोंड गोड करते. यंदा त्यांचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. सोफ्यावरचे पांढरेशुभ्र, खळ घातलेले अभ्रे सकाळपासून तसेच कोरे होते.

सगळं त्या पुस्तकापायी. घरातल्या किड्यांवर निर्माल्य मुलांसाठी पुस्तक लिहीत होता. झुरळं झाली, कसर झाली, उवाही झाल्या. ढेकणापाशी गाडं अडलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा या गृहस्थाचा हट्ट. आणि तपती पडली दर रविवारी गाद्या गच्चीवर नेऊन झोडपणारी! घरात ढेकूण मिळणार कुठून? मग हा शहाणा बाटली घेऊन दारोदार फिरला.

"ढेकूण? आमच्या सात पिढ्यांत नाहीत!" प्रत्येक घरी हेच. बाटली घेऊन ढेकूण ढेकूण करणाऱ्याच्या घरात काय असणार, ते मग गल्लीने आपापलं ठरवून टाकलं.

"उद्या मी दारावर पाटीच लावते," तपतीचा आवाज चढला. "इथे एकही ढेकूण नाही म्हणून!"

तेवढ्यात कडी वाजली. दारात हालदारजेठू, म्हणजे हालदारकाका. कोपऱ्यावरच्या घरात एकटे राहणारे म्हातारे. बायको गेल्यापासून कुणाकडे फिरकत नसत, म्हणून गल्ली त्यांना शिष्ट म्हणायची.

ते सोफ्याच्या अगदी कडेला टेकले. एक लाडू खाल्ला. मग स्वतःच दुसरा मागून घेतला. तपतीला भरून आलं. निदान एका माणसाचा तरी गैरसमज दूर करावा, म्हणून तिने पदर सावरला.

"जेठू, एक सांगते. लोक काहीबाही बोलतात, पण आमच्या घरात..."

"ठाऊक आहे गं सूनबाई. म्हणून तर आलो." त्यांनी हातातला लाडू खाली ठेवला. "माझा पलंग ढेकणांनी भरलाय. गाद्या उचलायचं बळ नाही आता. कुणाकडे जाऊन बसलो आणि मागे एखादा सोडून आलो तर? त्या लाजेने कुठे जातच नाही. तुमच्याकडेही झालेत असं कानावर आलं, म्हटलं चला, एक घर तरी मिळालं. तू काय सांगत होतीस?"

निर्माल्यचा हात हळूच बाटलीकडे सरकला. तपतीने डोळे वटारले. तो हात मागे गेला.

तिने आपल्या पांढऱ्याशुभ्र अभ्र्यांकडे एकदा पाहिलं.

"हेच की, आमच्या गाद्या नुसत्या बुजबुजल्यात हो जेठू," ती म्हणाली. "असे कडेला काय बसलात? नीट मागे टेकून बसा."