मोकळा हात

दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस मशीनचा जड ठोकळा खाली यायचा नाही. नागापूरच्या नव्या कारखान्यात लागलेल्या मच्छिंद्रने एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलं; एक हात मोकळा झाला आणि माल झपाट्याने पडू लागला. फोरमनने पाचर पाहिली, तरी त्याची पाठ थोपटून सगळ्यांना सांगितलं, "काम करावं तर असं!"

यंदा खंडेनवमीला कारखान्यातली मशिनं सजली, पण मच्छिंद्र घरीच होता. त्याच्या बायकोने, मालनबाईने, आढ्यात खोचलेला ऊसतोडीचा कोयता काढला, धुतला, हळदकुंकू वाहिलं.

"आता ह्याची पूजा कशाला? मी नोकरीला लागलो तवा तूच म्हनली हुतीस, कोयता सुटला एकदाचा!"

त्याच्या थोट्या उजव्या हाताकडे न बघता ती म्हणाली,

"तुमचा सुटला. तोडीला मी जानार हाय."