मागच्या जिन्याचं दार

तीन हॉटेलं नाकारल्यावर मुलांच्या सहलीला परवडेल असं एक सापडलं. बाई मॅनेजरशी खोल्यांचं ठरवत होत्या. मी शाळेच्या बसचा ड्रायव्हर, मजला बघत होतो. टोकाला मागच्या जिन्याचं दार होतं आणि त्याला भलंमोठं कुलूप.

"पोरं रात्री सटकू नयेत म्हणून," मॅनेजर म्हणाला. "किल्ली बाईंकडेच राहील."

"बरं झालं. यंदा माझा डोळा तरी लागेल," बाई हसल्या.

मी भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर उचलला आणि कुलपावर घातला. मॅनेजरने मागून माझा गळा आवळला. मी कोपर हाणलं. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. पुढच्या घावाला कडी कोयंड्यासकट उखडली. माझा तळहात फाटला.

"काका, डोकं फिरलंय का तुमचं? एवढी स्वस्त जागा हातची घालवलीत," बाई ओरडल्या.

"माझी बायकोही तुमच्यासारखी शिक्षिका होती, दुसऱ्या शाळेत," मी म्हणालो. "सहलीच्या हॉटेलात आग लागली. ती आणि तिच्या वर्गातल्या मुली अशाच दाराशी सापडल्या. किल्ली खोलीत होती. तिने उशीखाली जपून ठेवलेली."