मुकी प्रार्थना

"हा तर जप झाला, पाळकसाहेब! डोळे मिटायचे, तोंडही मिटायचं आणि श्वासाबरोबर एकच शब्द घोळवत बसायचं. मन असं रिकामं सोडलं तर आत कोण येऊन बसेल, सांगता येतं का?"

उजागरेबाईंनी चर्चच्या पंचांपुढे अर्ज आपटला. बुधवारची मुकी प्रार्थना बंद करा, असं लिहून खाली चाळीस सह्या. बाईंची स्वतःची प्रार्थना अशी खणखणीत की चर्चबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही तोंडपाठ.

"तुमची सून मात्र दर बुधवारी येते," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

बाई तडक घरी आल्या. "एस्तेर, वर्षभर रविवारी चर्चमध्ये पाऊल टाकलं नाहीस, आणि त्या मुक्यांत जाऊन बसतेस? काय मिळतं गं तिथं?"

कणीक मळणारे हात थांबले. "तिथं माझ्या पोटाची गोष्ट कुणी माइकवर सांगत नाही, आई."

सुनेचा गर्भ दोनदा गेला, त्या दिवसांत दर रविवारी तिचं नाव घेऊन प्रभूकडे लेकरू मागणारा आवाज बाईंचाच होता. मंडळी आमेन म्हणायची आणि वळून वळून एस्तेरकडे बघायची.

पुढच्या बुधवारी त्या सुनेशेजारी बसल्या. अर्ज मागे घेतला होता, भीती काही मागे हटली नव्हती. मन रिकामं होईना. सवयीनं सुनेचं नाव ओठांवर आलं, तेव्हा मात्र बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.