जड जाळे

फाइल पुसली गेली. जागा मात्र मोकळी झाली नाही. रुबीनाने पुन्हा मोजणी मागितली. पडद्यावर तेच उत्तर आले: डिस्क पूर्ण भरलेली. उरलेल्या सगळ्या फाइलींची बेरीज निम्मीही भरत नव्हती. मग तिने नुकत्याच पुसलेल्या फाइलीचे सांकेतिक नाव एकदा नीट वाचले, आणि तिचा हात माऊसवरून खाली आला.

“गोकुळाबाई,” ती म्हणाली, “जबाबाची फाइल गेली.”

सन २००९चा एप्रिल होता. सावली गावातल्या रुबीनाच्या त्या दुकानात दोन संगणक होते, एक झेरॉक्स यंत्र होते आणि लोखंडी खुर्चीवर ताठ बसलेल्या गोकुळाबाई होत्या. त्या मासेमार संस्थेच्या अध्यक्ष. ज्या तलावांत गावांनी पिढ्यानपिढ्या जाळी टाकली, त्यांच्यावरचा हक्क नव्या वनहक्क कायद्याखाली मागायचा होता. त्यासाठी सावली, पोंभुर्णा आणि धानोरा येथे तीन महिने बसून तीनशे बारा वृद्धांचे जबाब फोटोंसह थेट संगणकावर उतरवले गेले होते; थोडेच उरले होते. तिन्ही ठिकाणांहून एकाच जागी लिहिता यावे, म्हणून रुबीनाने दूरच्या शहरातील एका मोठ्या यंत्राचा लहानसा हिस्सा भाड्याने घेतला होता. आभासी सर्व्हर म्हणतात तो. छपाई आज सुरू व्हायची होती. सोमवारी सुनावणी होती.

सकाळी डिस्क भरली आणि उरलेले जबाब आत जाईनात, तेव्हा हुकूम गोकुळाबाईंनीच दिला. तलावात नवे बीज सोडण्यापूर्वी जुना मोठा मासा काढून घ्यायचा असतो. त्यांचे सारे आयुष्य त्या रीतीत गेले होते. “सगळ्यात जुनं अन् सगळ्यात मोठं जे हाय, ते काढ,” त्या म्हणाल्या. त्यांच्या शब्दावर संस्थेत कुणी प्रश्न करीत नसे. रुबीनानेही केला नाही. सर्वांत जुनी फाइल पहिल्याच दिवशी उघडलेली होती. जबाबांची.

रुबीनाने सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करा, अडलेली जागा परत मिळेल. फाइल? पुसलेली फाइल परत येत नाही.

“कर बेटा,” झेरॉक्सपाशी उभे असलेले तिचे वडील बाबूभाई म्हणाले. “जागा तरी भेटंल. पुन्हा टाइप करू. त्यापेक्षा माही मशीन बरी. कागद अडकला तर दिसते तरी.”

“अन् मेलेल्याईचे जबाब कोणाले विचारता, भाऊ?” गोकुळाबाईंनी विचारले.

तीन महिन्यांत अकरा वृद्ध गेले होते. त्यांत गोकुळाबाईंच्या सासूबाई मनकर्णाही होत्या.

रुबीनाने पडद्यावरचा बाण सर्व्हर बंद करण्याच्या बटणावर नेला.

“थांब,” गोकुळाबाई म्हणाल्या. “काढलं मनतेस ना? मंग भार काऊन कमी नाई झाला?”

“मशीनची गलती असंल, बाई.”

“जाळं वरून रिकामं दिसते अन् हाताले जड लागते, तवा दोर सोडाचा नसते. खाली काईतरी हाय. कोणी धरून ठेवलं हाय, ते पाह्य आदी.”

रुबीनाला हसू येणार होते. ते आले नाही. तिन्ही गावांचे जबाब त्या फाइलीत लिहिणारा प्रोग्राम तीन महिन्यांत एकदाही बंद झाला नव्हता. आत्ताही तो चालूच होता. कोणत्या प्रोग्रामने कोणती फाइल उघडी धरली आहे, असे तिने सर्व्हरला विचारले. उत्तरात एक ओळ आली. प्रोग्रामचे नाव, त्यापुढे फाइलीचे नाव आणि शेवटी एक शब्द: पुसलेली. तिचा आकार हरवलेल्या जागेइतकाच होता.

यादीतून फक्त नाव गेले होते. फाइल प्रोग्रामच्या हातात शाबूत होती, आणि जागा तिनेच अडवली होती. ते बटण दाबले असते, तर तो हात सुटला असता आणि फाइल कायमची गेली असती.

रुबीनाने पोंभुर्ण्यात टाइप करणाऱ्या शालिकरामला आणि धानोऱ्यातल्या भाग्यश्रीला फोन करून टायपिंग थांबवायला लावले. प्रोग्रामच्या हातातली फाइल ती दुकानातल्या संगणकावर उतरवू लागली. फोनच्या तारेवरून ते काम तीन तास चालणार होते.

“बाई, दोर तर मशीननं धरला हाय,” बाबूभाई म्हणाले. “तुमी तरी चहा घ्या.”

“होऊ द्या आदी.”

ऊन उतरले तेव्हा काम झाले. रुबीनाने प्रत उघडली, जबाब मोजले आणि लगेच दुसरी प्रत सीडीवर घेतली. एकही जबाब कमी नव्हता. बाबूभाईंनी न विचारता चहा आणून ठेवला. या वेळी गोकुळाबाईंनी तो घेतला.

“संस्थेत सांगजो,” त्या म्हणाल्या, “का हुकूम माहा होता. चूक माही.”

“पण जाळ्याचं तुमाले बरोब्बर कसं सुचलं, बाई?” रुबीनाने विचारले.

गोकुळाबाईंनी कप खाली ठेवला. “पहिला जबाब काढ,” त्या म्हणाल्या. “वाच.”

पहिला जबाब मनकर्णाबाईंचा होता. तो रुबीनाने स्वतःच, त्यांच्याच शब्दांत उतरवला होता. ती वाचू लागली.

“गोकुळा माह्या घरी नवी सून आली, त्या साली आमी गावच्या तलावात मोठं जाळं टाकलं. जाळं रिकामं दिसलं मनून पोरीनं दोर सोडला, अन् गावभराचा मासा पाण्यात परत गेला. लोक माह्या दारात भांडाले आले. मी तिले काई मनलं नाई. दुसऱ्या दिवशी दोर पुन्हा तिच्याच हाती देल्ला.”