जाऊबाईंसाठी प्रार्थना

चर्चमध्ये प्रभुभोजनाची रांग हळूहळू पुढे सरकत होती. ऑर्गनचे सूर इतके संथ, की माणसं चालत नसून पाण्यावरून तरंगत निघाल्यासारखी दिसत होती. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन कुणाच्या खांद्यावर निळं, कुणाच्या टकलावर तांबडं. धाकटीही रांगेत होती. आपले पाय जमिनीला लागताहेत की नाही, तिला कळत नव्हतं.

पुढे पाळकांच्या हातात थाळी होती. थाळीत प्रत्येकाला तुकडा द्यायचा बेकरीचा पाव. एरवी तिथे तिच्या थोरल्या जावेने घरी भाजलेली भाकर असायची. "काय हात आहे हो तिचा!" जो तो म्हणायचा, आणि धाकटीच्या पोटात दुखायचं. मग एका प्रार्थनासभेत, डोळे मिटून, अगदी कळवळून ती म्हणाली होती, "आमच्या जाऊबाईंसाठी प्रार्थना करा. त्यांना प्यायची सवय लागलीय."

थोरली थेंबालाही शिवत नव्हती. पण चहाडीची शहानिशा तरी होते. प्रार्थनेची कोण करणार? सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली. भाकरीचं काम गुपचूप काढून घेतलं. तेव्हापासून थोरली शेवटच्या बाकावर बसायची आणि रांगेत यायची नाही.

"सरका ना पुढे, बाई," मागचे काका कुजबुजले. "झोप लागली की काय उभ्या उभ्या?"

समोर दोनच पाठी उरल्या होत्या. धाकटीने हात उचलला. तो तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. स्वप्नात वळावं तशी ती वळली आणि रांगेच्या उलट चालू लागली. खांदे बाजूला होत गेले, निळे, तांबडे.

"अगंबाई, हिला बरं नाही वाटतं," कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या बाकापाशी तिने गुडघे टेकले.

"जाऊबाई, माझी चूक पदरात घ्या."

थोरलीने खाली पाहिलं. "पदर कुठाय मला? कोट घालून आलेय मी."

"मी खोटं बोलले. तुमच्याबद्दल."

"ते मला ठाऊक आहे. मला काय सांगतेस?" थोरलीचा आवाज चढला नाही. "ज्यांना प्रार्थनेला बसवलंस, त्यांना सांग."

धाकटी उठली. ऑर्गन थांबला होता, की तिलाच ऐकू येत नव्हतं, देव जाणे.

"जाऊबाई पीत नाहीत," ती म्हणाली. आवाज समोरच्या बाकापर्यंतही पोचला नाही. मग तिने बाकाची कड घट्ट धरली. "कधीच पीत नव्हत्या! मला त्यांचं कौतुक बघवत नव्हतं, म्हणून बोलले. ती प्रार्थना... ती माझ्यासाठी करायला हवी होती तुम्ही."

मघाचे काका आपल्या बुटांकडे बघत राहिले. पाळकांच्या हातातली थाळी जराशी खाली आली.

"आम्ही तरी कुठे विचारलं त्यांना," पाळक म्हणाले. जणू स्वतःशीच.

थोरलीने उठून कोटाची बटणं लावली. धाकटीचं कोपर धरलं, आणि दोघी जाऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. रांग पुन्हा तरंगू लागली. किती वेळ गेला कोण जाणे. धाकटीला फक्त कोपरावरची ती पकड कळत होती. ती घट्टही नव्हती, सैलही नव्हती.

थोरलीने तुकडा घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. धाकटीनेही घेतला. रडण्यामुळे तिला काही चव लागली नाही.

बाकाकडे परतताना थोरली तिच्या कानाशी वाकली.

"मीठच नाही गं यात," ती पुटपुटली. "शनिवारी लवकर ये. एकटीला पीठ मळवत नाही आता."