बिनबिलाचं घर

वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीत २००७ साली एका कंपनीने सावळीला घर दिलं. जागा मोकळी हवी म्हणून तिची कुडाची खोपटी आदल्याच दिवशी पाडून टाकली होती. कारखान्यात तयार झालेलं ते घर सकाळी ट्रेलरवरून आलं आणि क्रेनने अलगद जोत्यावर बसवलं. छपरावर उन्हावर चालणारी वीज, बिल शून्य. पाहुण्यांनी फीत कापली. सावळीला नवी साडी नेसवून दारात उभं केलं, फोटो काढले. तिने आत जाऊन बटण दाबलं आणि दिवा लागला, तशी ती खुदकन हसली.

पाहुण्यांची जेवणं आटोपली आणि क्रेन पुन्हा घरघरली.

“हे नमुन्याचं घर आहे, बाई. उद्या शहापूरला कार्यक्रम आहे. तुमचं येईल मागाहून,” पान चघळत कंपनीचा साहेब म्हणाला.

बघता बघता घर ट्रेलरवर चढलं. सावळीला त्या माणसांची शिसारी आली.

साहेब जाता जाता वळला. “आणि ती साडीपण द्या. उद्याच्या बाईला लागेल.”

सावळी त्याच्या बुटांशी पचकन थुंकली.

“देते की, सायेब. पन सोडू कुठं? खोपटी तुमी पाडलीत, घर तुमीच उचललंत. आडोसा ठेवलात का एक तरी?”