कुत्र्याचं खोकं

आरं गड्या, नुसतं ऐक! निजामाच्या राजातली गोष्ट हाय. परभणीच्या पोलीस अमीनसायबाचं शेरा नावाचं कुत्रं बन्सीधर सांभाळायचा. शेराला त्यानं असं वळन लावलं हुतं की सायेब पाव्हन्यारावळ्याला बोलवून दाखवायचा. त्याच बन्सीधरनं एक दिवस सायबाच्याच कचेरीवर तिरंगा लावला आन् पळाला!

मनमाड गाठलं की निजामाची हद्द सरती. बन्सीधरचा मामा राधाकिशन रेल्वेत गार्ड. गार्डाच्या डब्यात सायेबलोकांच्या कुत्र्यांसाठी लोखंडी खोकं असायचं, त्यात त्यानं भाच्याला घडी घालून कोंबलं. "गप पड. हितं कोन कुत्रं घेऊन यायलंय!" म्हनला आन् बाहेरून कडी घातली.

गाडी सुटायला आन् अमीनसायेब शेराला घेऊन यायला एकच गाठ! मामानं कडी काढली. शेरा अंधारात शिरला, वास घेतला आन् बन्सीधरच्या मांडीवर मुंडकं टाकून पडला. भुंकला सुदिक न्हाई! बन्सीधरच्या जिवात जीव आला.

सेलूला सायेब उतरला. खोकं उघडून म्हनला, "चल शेरा, बाहर आ!"

शेरा हालंना. बन्सीधरनं आतून ढकललं, तरी न्हाई.

कसा हालंल? बन्सीधर 'ऊठ' म्हनल्याबिगर उठायचं न्हाई, हे वळन त्यानंच तर लावलेलं! शेरा त्याच्या तोंडाकडं बघायलाय, सायेब खोक्यात वाकायलाय. बोललं तर आवाज वळखील, गप बसलं तर तोंड दिसंल.



सांग, तू काय केलं असतंस?